खटका कधी पडतो?

घरात मोठा करंट ओढणारी उपकरणं काही नवी नाहीत. गीझर आहे, इस्त्री आहे, ओव्हन आहे. पण यातलं कुठलंच तासन्‌तास सलग चालत नाही. पाणी तापलं की गीझरचा थर्मोस्टॅट सप्लाय तोडतो, इस्त्री थोड्या थोड्या वेळाने आपणहून बंद-चालू होत राहते. त्या मधल्या वेळात तारा गार होतात, स्क्रू गार होतात आणि वायरिंगमधला एखादा कच्चा सांधा वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात न येता निभावून जातो. इलेक्ट्रिक गाडी ही उसंत देत नाही. ३२ अँपिअरचा चार्जर म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ७.४ किलोवॉट, आणि तोही पाच-सहा तास एका दमात.

म्हणून गाडी आली, चार्जर बसला आणि एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, पडायला लागला की गाडीच्या किंवा चार्जरच्या माथी खापर फोडून मोकळं होणं मला पटत नाही. पुष्कळदा गाडीने नवं काहीच बिघडवलेलं नसतं. जे आधीपासून कच्चं होतं, ते तिने उघड्यावर आणलेलं असतं.

आमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा पहिला सल्ला जो मिळाला तो बहुधा सगळ्यांनाच मिळतो: “एमसीबी छोटा पडतोय, वरच्या नंबरचा टाकून घ्या.” सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. खटका पडायचा थांबतो, तक्रार मिटते. पण वायरिंगमधला एक साधा क्रम या सल्ल्यात मोडला जातो. चार्जर जेवढा करंट ओढणार, निदान तेवढ्या क्षमतेचा एमसीबी हवा. आणि एमसीबीची जी क्षमता, निदान तेवढी सहन करणारी तार हवी. ३२ अँपिअर सलग ओढणाऱ्या चार्जरला ४० चा एमसीबी लावायला काही चार्जर बनवणारे स्वतःच सांगतात, आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त भिंतीतली तार त्या ४० ला पुरणारी आहे ना, ती नळीतून कशी गेलीय, तिच्या सोबत आणखी किती तारा आहेत, हे आधी बघायचं. ते न बघता एमसीबी तेवढा मोठा केला, तर तापायचं काम तार करत राहते आणि तिला थांबवणारं कुणी उरत नाही.

नंतर जे वायरमन काका आले त्यांनी डीबीचं, म्हणजे घरातले सगळे खटके ज्यात असतात त्या डब्याचं, झाकण उघडण्याआधी मला बसवून विचारायला सुरुवात केली. चार्जर कुठल्या कंपनीचा, किती किलोवॉटचा, यात त्यांना फारसा रस नव्हता. “पडतो कधी ते तुम्ही सांगा. का पडतो ते मी बघतो,” म्हणाले. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसलाय. घरातल्या माणसाने स्क्रूड्रायव्हरला हात न लावता करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे: खटका नेमका कधी पडतो याची नोंद ठेवणं.

त्याच्याही आधी, पडतो कोण ते बघायचं. आपण सरसकट “ट्रिप झाला” म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. डीबीतला एमसीबी पडला, म्हणजे जास्त करंट, शॉर्ट किंवा उष्णता. गळती पकडणारा खटका, म्हणजे आरसीसीबी, पडला तर कुठेतरी लीकेज. आणि डीबीतलं काहीच न पडता नुसता चार्जरचा दिवा लाल झाला, म्हणजे चार्जरने स्वतःहून थांबायचं ठरवलं. अर्थिंग नीट मिळत नसेल, व्होल्टेज फार वर किंवा फार खाली गेलं असेल, आतलं तापमान वाढलं असेल. या तिन्हींच्या वाटा वेगळ्या. काही ठिकाणी एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डब्यात असतात, त्याला आरसीबीओ म्हणतात. तो पडला की कारण कुठलं ते बाहेरून कळणं अवघड. मग वेळेवरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

आता वेळ. गाडी जोडलेलीच नाही, नुसता चार्जरचा सप्लाय चालू केला आणि खटका पडला, तर गाडीचा काही संबंध नाही. डीबीपासून चार्जरपर्यंतची केबल, चार्जरची आतली बाजू, किंवा आत शिरलेलं पाणी, एवढ्यातच शोध घ्यायचा.

गाडी जोडल्यावर काय घडतं ते मात्र थोडं सावकाश बघण्यासारखं आहे. प्लग गाडीत घातला म्हणजे वीज वाहू लागली असं नसतं. त्या क्षणी केबलच्या मोठ्या तारांमध्ये वीज आलेलीच नसते. एक बारीक तार असते, तिला पायलट म्हणतात. चार्जर तिच्यावर १२ व्होल्ट ठेवून वाट बघतो. गाडी जोडली की ते ९ व्होल्टवर येतं, आणि गाडी “मी तयार आहे” म्हणाली की ६ वर. मधल्या काळात चार्जर याच तारेवर सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा संदेश पाठवून किती करंट घ्यायची परवानगी आहे ते सांगतो. संदेश १० टक्के वेळ चालू असेल तर ६ अँपिअर, ५० टक्के असेल तर ३०. हे सगळं जुळलं की मगच चार्जरमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ‘टक’ करून लागतो आणि केबलमध्ये खरी वीज येते. शांत वेळी जवळ उभं राहिलं तर हा आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि तो ऐकावाच. खटका ‘टक’च्या आधी पडला की नंतर, एवढ्यावरून अर्धा शोध संपतो. ‘टक’ आणि खटका एकदमच आले, तर केबल, गाडीचं सॉकेट किंवा ऑनबोर्ड चार्जर (गाडीच्या आतला, एसीचं डीसी करून बॅटरी भरणारा) यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे. तेव्हा सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे आपली गाडी दुसऱ्या चार्जरला लावून बघणं आणि जमलं तर आपल्या चार्जरला दुसरी गाडी लावून बघणं. एका संध्याकाळी होणारं काम आहे, आणि गाडीचं सर्व्हिस सेंटर व वायरमन यांनी एकमेकांकडे बोट दाखवत घालवायचे कितीतरी दिवस त्याने वाचतात.

आरसीसीबी पडत असेल तर त्याचं काम कसं चालतं ते माहीत असलेलं बरं. तो काटेकोर हिशेबनीस आहे: फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो बघतो. आत एक लोखंडी कडं असतं, दोन्ही तारा त्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर कड्यातलं चुंबकत्व एकमेकांना मारून शून्य होतं. फरक पडला, म्हणजे काही करंट तिसऱ्याच वाटेने, अर्थमधून किंवा कुणाच्या अंगातून, गेला. असा फरक किती झाला की खटका पाडायचा, त्याची घरगुती आरसीसीबीतली ३० मिलिअँपिअर ही मर्यादा माणसाचं हृदय डोळ्यांसमोर ठेवून आली आहे. १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींसाठी अशी यंत्रणा केली तेव्हा ती २५० मिलिअँपिअरला पडायची, आणि त्याआधीच्या यंत्रणांना तर दहाएक अँपिअरची गळती लागायची. पुढच्याच वर्षी त्यांनी ती २० मिलिअँपिअरच्याही खाली आणून दाखवली. आज भिंतीवरच्या त्या छोट्या डब्यामागे हा सगळा प्रवास आहे, आणि त्याला “उगाच पडतो” म्हणताना मला जड जातं.

तरी त्याच्या पडण्यात काही निरुपद्रवी कारणंही असतात. ३० चा आरसीसीबी ३० लाच पडतो असं नाही. १५ च्या पुढे कुठेही पडला तरी तो नियमातच आहे. गाडीच्या ऑनबोर्ड चार्जरमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, वॉशिंग मशीनमध्ये, एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात, आणि त्यातला प्रत्येक जण थोडा थोडा करंट अर्थला सोडत असतो. अख्ख्या घराला मिळून एकच आरसीसीबी असेल तर हे थेंब एकत्र जमतात. एका आरसीसीबीवरची अशी नेहमीची गळती त्याच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवावी असा दंडक आहे. वॉशिंग मशीन चालू असतानाच गाडीचा खटका पडत असेल तर दोघांत बिघाड शोधण्याआधी गाडीला स्वतंत्र आरसीसीबी द्यावा. तसाही प्रत्येक चार्जिंग पॉइंटला तो स्वतंत्रच असायला हवा.

पाऊस पडला की किंवा पहाटे दव पडलं की खटका पडतो, दुपारी काही होत नाही, तर पाणी शोधायचं: केबल जिथून डब्यात शिरते तिथला ग्लँड सैल आहे का, केबल वरून खाली येत थेट डब्यात जाते का, गाडीकडचा प्लग उघडा लोंबकळतो का. यावर जास्त काही सांगण्यासारखं नाही.

पण एक कारण असं आहे जे चांगल्या चांगल्यांना चकवतं. आरसीसीबीच्या पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना टेकलेले असतात. परत येणारा करंट मग दोन वाटांनी विभागून येतो आणि जेवढा लोड जास्त तेवढी अर्थची वाटणी जास्त. दिवा लावला तर काही होत नाही, गाडी लावली की पडतो. चार्जरच्या ॲपमधून करंट ६ अँपिअरवर आणला की बिनतक्रार चालतो, १६ वर नेला की ताबडतोब पडतो. सगळे गाडीकडे बघतात आणि दोष असतो जंक्शन बॉक्समध्ये सोललेल्या दोन तारांत. सप्लाय बंद करून, चार्जर सोडवून, मेगरने ५०० व्होल्टवर न्यूट्रल आणि अर्थमधलं इन्सुलेशन मोजलं की हे एका मिनिटात सापडतं. एक मेगओमच्या खाली वाचन आलं की ती तार सुधारल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे काम वायरमनचं. पण करंट कमी-जास्त करून बघणं आणि “ताबडतोब पडतो” की “तासाभराने पडतो” हे लिहून ठेवणं आपलं.

आमचा तासाभराने पडायचा. आरसीसीबी जागेवर, पडायचा तो एमसीबी. नुकत्याच लावलेल्या गाडीला काही होत नसे, आणि रात्री एकदा पडला की लगेच वर केला तर राहत नसे, थोड्या वेळाने केला तर राही. काकांना एवढं पुरलं. एमसीबीच्या आत दोन वेगळी माणसं बसवल्यासारखी दोन यंत्रं असतात, १९२४ मध्ये जर्मनीत ह्यूगो स्टॉट्झ यांनी पेटंटसाठी मांडलेल्या रचनेपासून आजतागायत. एक चुंबकाची गुंडाळी, जी शॉर्ट झाला की क्षणात खटका पाडते. दुसरी दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, जी तापली की वाकते आणि हळूहळू वाकत जाऊन खटका सोडते. लगेच वर केल्यावर खटका राहत नसेल तर पट्टी अजून गरम आहे. म्हणजे शॉर्ट नाही, उष्णता आहे. खटका बोटाने दाबून धरून उपयोग नसतो. दांडी वर धरलेली असली तरी आतला संपर्क सुटतोच, आणि तो तसा सुटावा म्हणूनच बनवलेला असतो.

मग कोडं असं होतं. चार्जर चालू असताना काकांनी तारेभोवती क्लॅम्प मीटर लावला. करंट ३१ च्या आसपास, स्थिर. एमसीबी ४० चा. नियमाप्रमाणे त्याने आपल्या क्षमतेच्या १.१३ पट, म्हणजे ४५ अँपिअरपर्यंत, तासभर तरी पडायला नको. ४० ला न पडणारा ३१ ला का पडतो?

त्यांनी इन्फ्रारेड थर्मामीटर काढला आणि एकामागून एक स्क्रूवर रोखला. शेजारचे एमसीबी कोमट होते, आमच्याच एमसीबीची वरची बाजूही कोमट होती. खालची बाजू, जिथून चार्जरची तार निघते, तिथला आकडा एकदम चढला. सप्लाय बंद करून, टेस्टरने खात्री करून, त्यांनी तो स्क्रू सोडवला आणि तार बाहेर काढून माझ्यासमोर धरली. तारेचं टोक बारीक बारीक तांब्याच्या धाग्यांचं होतं. सोलताना त्यातले काही धागे कापले गेले होते, दोन-तीन टर्मिनलच्या पेटीबाहेरच वाकून राहिले होते, आणि स्क्रूच्या जबड्यात तांब्याबरोबर इन्सुलेशनची कडही दाबली गेली होती. त्या कडेचा रंग तांबडा राहिला नव्हता, तपकिरी झाला होता, आणि प्लास्टिकला काचेसारखी चकाकी आली होती. आतलं तांबंही लखलखीत नव्हतं, काळपट होतं. स्क्रू घट्ट लागला होता, पण तांब्यावर नाही, प्लास्टिकवर.

हिशेब करून बघितला तर अंगावर काटा येतो. अशा सांध्याचा रोध समजा एक दशांश ओहम झाला. साध्या मीटरला तो जाणवणारही नाही. पण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३२ चा वर्ग १०२४. त्याला एक दशांशाने गुणलं की १०२ वॉट. नखाएवढ्या जागेत, बंद डब्यात, शंभर वॉट, रात्रभर. एमसीबी त्या टर्मिनललाच जोडलेला असतो, ती उष्णता धातूतून आत जाते आणि पट्टीला वाटतं करंट जास्त झाला. करंट अजिबात जास्त नव्हता. पट्टी तापत होती ती शेजारच्या सांध्यामुळे, आणि तरीही तिने पाडलेला खटका अगदी योग्य होता.

दर रात्री तापणं, दर सकाळी गार होणं. तांबं प्रसरण पावतं, आकुंचन पावतं, दाबलं गेलेलं प्लास्टिक थोडं थोडं सरकतं, सांधा आणखी सैल होतो, रोध वाढतो, दुसऱ्या रात्री आणखी तापतो. ही साखळी स्वतःहून थांबत नाही. पहिल्या सल्ल्याप्रमाणे त्या जागी ६३ चा एमसीबी बसला असता तर तोच सांधा तसाच तापत राहिला असता आणि घरातली सगळी माणसं झोपलेली असताना त्याची खबर देणारं कुणीच नसतं. हे माझ्या मनातून जात नाही.

दुरुस्ती म्हटली तर छोटी. तार मागे लखलखीत तांबं लागेपर्यंत कापली, धाग्यांवर योग्य मापाची तांब्याची टोपी क्रिंप केली, तापून तापून ज्याच्या पट्टीवर आता भरवसा ठेवता येणार नाही तो एमसीबी बदलला, आणि नव्याचा स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानेच आवळणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने, आवळला. कंपनीने एमसीबीवर न्यूटन मीटरमध्ये आकडा छापलेला असतो, पण हाताच्या अंदाजाने आवळायची सवय इतकी पक्की असते की तो आकडा फार थोडे जण वाचतात. काकांनी वाचला. मग डीबीतल्या आणि चार्जरमधल्या बाकीच्या स्क्रूंनाही तोच स्क्रूड्रायव्हर लावला, गाडी पुन्हा जोडली, आणि तासाभराने पुन्हा थर्मामीटर रोखला. सगळं कोमट. तो तासभर ते थांबले, हे मला त्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं वाटलं.

जाता जाता त्यांनी आरसीसीबीवरची अक्षरं वाचली आणि जी गोष्ट मी विचारलीच नव्हती ती सांगितली. आमचा आरसीसीबी ‘एसी’ प्रकारचा होता. गाडीत एसीचं डीसी होतं, आणि तिथे दोष निर्माण झाला तर अर्थमधून सपाट डीसी गळू शकतो. तो डीसी आरसीसीबीच्या लोखंडी कड्याला चुंबकत्वाने भरून टाकतो. मग त्याच वेळी कुणाला शॉक बसला तरी कड्याला फरक जाणवत नाही आणि खटका पडत नाही. म्हणून चार्जरला निदान ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी हवा आणि त्याच्या जोडीला ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून सप्लाय तोडणारी सोय हवी, किंवा मग सरळ ‘बी’ प्रकारचा आरसीसीबी. ही सोय बऱ्याच चार्जरमध्ये आतच दिलेली असते. माहितीपत्रकात ‘आरडीसी-डीडी’ असं लिहिलेलं सापडतं. आमच्या चार्जरमध्ये ती निघाली, तरी आरसीसीबी ‘ए’ प्रकारचा बदलून घेतला.

पडणाऱ्या खटक्यामागे आम्ही इतका जीव काढला, आणि न पडू शकणारा खटका त्याच डब्यात शांतपणे बसलेला होता. आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण मी आता नेमाने दाबतो. ते दाबल्यावर आत एक छोटा रोध मुद्दाम थोडा करंट कड्याला वळसा घालून सोडतो आणि खटका पडायला हवा. नाही पडला तर आरसीसीबी त्याच दिवशी बदलायचा. या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळं मोजून घ्यावं लागतं.

वायरमनला बोलावणार असाल तर फोनवर “चार्जर ट्रिप होतोय” एवढंच सांगू नका. कुठला खटका पडतो, रिलेच्या आवाजाआधी की नंतर, लगेच की तासाभराने, लगेच वर केला तर राहतो का, करंट कमी केल्यावर काय होतं, पाऊस होता का, दुसरं काय चालू होतं, हे सगळं सांगा. आणि पडलेला खटका पुन्हा पुन्हा वर करत बसू नका. कुठे जळका वास आला, प्लग हाताला चटका देऊ लागला किंवा सॉकेटचा रंग बदललेला दिसला, तर चार्जिंग बंद, आणि माणूस येईपर्यंत बंदच.

सगळं ठीक झाल्यावरही मी चार्जर रोजच्यासाठी १६ अँपिअरवर ठेवलाय. करंट निम्मा म्हणजे प्रत्येक सांध्यातली उष्णता एक चतुर्थांश, आणि आठ तासांत तरीही २९ युनिटच्या आसपास वीज गाडीकडे जाते. आमच्या रोजच्या धावण्याला ती पुरून उरते. ६ वर मात्र ठेवत नाही. इतक्या कमी करंटवर गाडीच्या स्वतःच्या यंत्रणेलाच त्यातला बराच वाटा लागतो. लांबचा प्रवास ठरला की आदल्या रात्री ३२ करतो आणि झोपण्याआधी एकदा डीबीच्या झाकणावर हात ठेवून येतो.